पांढऱ्या टोपातला कारभारी

अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष मी पहिल्यांदा पाहिला तो शारजात, आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये. क्रिकेटचे पांढरे मोजे गुडघ्यापर्यंत ओढलेले, दुबईतल्या सतव्याच्या टेलरनं शिवलेला निळा कोट, डोक्यावर पांढरा टोप आणि हातात गाडीची किल्ली. गाडी आतून गार व्हायची वाट बघत तो बाहेर उभा होता आणि कपाळाची पावडर घामाबरोबर कानापर्यंत उतरली होती.

"काय गं, ओळखलंस का?" त्यानं विचारलं.

न ओळखायला काय झालं? बाबांचे जुने मित्र. शारजात वाढलेल्या पोरांना बापाचे सगळे मित्र काकाच, म्हणून हेही काका. सांगलीत कॉलेजला असताना एकपात्री स्पर्धा गाजवलेले. इकडं आले, एका बांधकाम कंपनीच्या एचआरला चिकटले आणि तिथंच पिकले. मुलाच्या अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळेत इतिहासातली माणसं वेश करून भेटायला येतात असा एक दिवस असतो. तिथं पालकांपैकी कुणीतरी हवं होतं, काकांनी हात वर केला आणि तेव्हापासून ते दुबईभर राष्ट्राध्यक्ष होत फिरत होते. शाळा, मंडळ, कुणाच्या तरी पन्नाशीची पार्टी. बाप्तिस्मा झाल्यासारखे नव्या भक्तीनं.

त्या दिवशीचा प्रयोग मी बघितला आणि मला तो आवडला नाही. खरं सांगायचं तर चीड आली. अर्धा तास एक माणूस छातीवर हात ठेवून स्वातंत्र्य, स्वातंत्र्य म्हणतो. मध्ये लाकडी दातांचा एक विनोद करतो आणि त्याच्या घरात, शेतात, स्वयंपाकघरात राबणारी विकत घेतलेली माणसं त्या अर्ध्या तासात एकदाही दिसत नाहीत. मी काकांना तोंडावर सांगितलं, "काका, ते दात लाकडाचे नव्हतेच. त्यात माणसांचे दात होते. आणि बहुतेक गुलामांच्या तोंडातून काढलेले."

"असेल. पण लाकडी म्हटलं की लोक हसतात."

हे माझ्या ध्यानात राहिलं.

मी तेव्हा नुकतीच पुण्याहून परत आले होते आणि जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका ऑफिसात कंपन्यांची माहितीपत्रकं लिहीत होते. लहानपणी मला घरात मराठीत काही विचारलं की मी इंग्रजीत उत्तर द्यायचे. मराठी शिकले ती पुण्यात, पत्रकं काढताना. होस्टेलचं पाणी, मेसची भाजी, परीक्षेची फी. आमच्यात एक सीनियर होती, ती प्रत्येक पत्रकावर लाल पेन घेऊन बसायची आणि एकच गोष्ट शोधायची. 'पाणी बंद झालं' असं वाक्य दिसलं की खाट्‍कन काट. "झालं कसं? आपोआप? केलं कुणी ते लिही. कर्ता लिही." तिनं माझं इतकं खोडलं की मला आता 'झालं' हा शब्द ऐकला तरी चिडायला होतं.

तर काकांना मराठी प्रयोग करायचा होता. त्यांच्या कंपनीचा अल क्वोजमध्ये कामगारांचा कॅम्प आहे, त्यात आपली माणसं बरीच. कोकणातली, साताऱ्याकडची. वेलफेअर डेला दरवर्षी गाणी होतात, या वर्षी काकांनी मॅनेजरला पटवलं की नाटक करू. "तू लिही. तुझं मराठी आता धारदार झालंय म्हणे."

मी नाही म्हणणार होते. तेवढ्यात सुताराचं प्रकरण आलं.

बाबा शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये एका फर्मला आहेत. त्यांच्या स्टोअरमधला एक जण घरी आला. त्याचा चुलतभाऊ रत्नागिरीकडचा, काकांच्याच कंपनीत सुतार, अल क्वोजच्या त्याच कॅम्पात राहणारा. सुताराला ताप भरला. खोलीत पेज करून द्यायला कुणी नाही म्हणून फोरमनला फोन करून तो हमरियात भावाच्या खोलीवर येऊन पडला. बरा होऊन परत गेला तर त्याच्यावर अ‍ॅब्स्कॉन्ड लागलेला. कामगार न सांगता पळाला असं कंपनीनं कळवलं की त्याला इथं सगळे अ‍ॅब्स्कॉन्ड लावला म्हणतात. तो लागला की दुसरीकडं काम मिळणं मुश्कील, आणि गावी जायला विमानतळावर गेलास तर तिथंच अडकशील ही धास्ती. सुताराच्या बहिणीचं लग्न होतं. फोरमन म्हणत होता, मला फोन आलाच नाही.

"तुमचे दोस्त तिथं एचआरला आहेत ना, साहेब?" भावानं बाबांना विचारलं.

बाबांनी चष्मा पुसला. "मैत्रीत मी असलं काही काढत नाही."

मग मी काढलं. माझ्या ऑफिसखाली तळ्याकाठी एक कॅफे आहे, तिथं काकांना बोलावलं.

"काका, ती केस मागं घ्या. माणूस परत आलाय. कॅम्पातच झोपतोय."

"अगं, ती सिस्टीममध्ये गेली आता."

"गेली? घातली कुणी?"

"लागली."

"लावली कुणी, काका?"

ते वैतागले. "फोरमन कळवतो, मी पुढं पाठवतो. प्रोसेस आहे. मी उगाच कुणाचं वाईट करायला बसलोय का? आणि हे बघ, हे पुणं नाही. इथं पत्रकं काढायची नाहीत."

"मग नाटक लिहू?"

"तेच तर म्हणतोय केव्हाचा!" काका खूश झाले.

आणि मी लिहिलं. मनात फक्त तो सुतार ठेवून लिहिलं. मला दुसरं काही नको होतं, काकांनी त्याच्यावरची केस काढावी एवढंच. आणि सरळ सांगून ते काढत नव्हते.

पहिल्या राष्ट्राध्यक्षाच्या बायकोची एक दासी होती. विकत घेतलेली नाही, घरातच गुलाम म्हणून जन्मलेली. मंडळी फिलाडेल्फियाला राहायची. तिथला कायदा असा की सहा महिने सलग तिथं राहिलेला गुलाम सुटका मागू शकतो. म्हणून सहा महिने भरायच्या आत हे लोक आपली माणसं राज्याबाहेर फिरवून आणायचे. एका संध्याकाळी घरची माणसं जेवायला बसली असताना ती दासी दारातून बाहेर पडली, जहाजात बसली आणि उत्तरेला गेली. मग वर्तमानपत्रात जाहिरात आली, पकडून देणाऱ्याला इनाम. खाली नाव मालकाचं नव्हतं. घरच्या कारभाऱ्याचं होतं. आणि त्या इंग्रजी जाहिरातीतलं पहिलंच क्रियापद कोणतं? अ‍ॅब्स्कॉन्डेड.

मी खुर्चीतून उठले होते ते वाचून. सव्वादोनशे वर्षं होऊन गेली, समुद्र बदलला आणि शब्द तोच!

काकांनी संहिता वाचली आणि त्या शब्दावर बोट ठेवलं.

"हा नको."

"जाहिरातीत आहे तो."

"असू दे. त्या हॉलमध्ये हा शब्द नको. माझं अख्खं डिपार्टमेंट पुढच्या रांगेत असणार. मॅनेजर असणार."

"म्हणूनच हवाय."

"हे बघ पोरी, शब्द राहिला तर प्रयोग नाही. खलास." मग जरा मऊ होऊन, "मराठीत लिही ना. तुझंच ब्रीद आहे मराठीचं. 'बेपत्ता झाली' लिही."

"ती बेपत्ता नव्हती. तिला पत्ता ठाऊक होता. 'निघून गेली' लिहिते."

"निघून गेली म्हणजे माहेरी गेल्यासारखं वाटतं."

"वाटू दे."

तेवढ्यावर तुटलं. 'निघून गेली' ठरलं. मी हरले होते, आणि मला हरायला आवडत नाही. लाकडी दात मी काढले होते तेही त्यांनी पुन्हा घातले. सुताराच्या भावाला मी म्हटलं होतं, नाटक होऊ दे, काका विरघळतील. आता मला त्याचा फोन उचलायची लाज वाटत होती.

वेलफेअर डे रविवारी दुपारी. जेवणानंतर मेसचा हॉल रिकामा करून खुर्च्या मांडलेल्या. पुढं सोफ्यावर मॅनेजर, एचआरची मंडळी. मागं कॅम्पची माणसं, न्हाऊन, भांग पाडून, इस्त्रीचे शर्ट घालून. बरीच मोबाइलात. भिंतीवरचा एसी ट्रकसारखा आवाज करत होता. मी बाजूला साउंडवाल्याच्या शेजारी संहिता घेऊन उभी, प्रॉम्प्टर म्हणून. हॉलमध्ये बाई मी एकटीच. वळून पाहिलं तर सुतार मागच्या दाराशी टेकून उभा. खुर्चीवर बसला नव्हता. बसायचा हक्क आहे की नाही तेच त्याला कळत नसावं.

"यल्ला, शुरू करो," मॅनेजर म्हणाले. त्यांना मराठी येत नव्हतं.

काका आले. टोप, कोट, क्रिकेटचे मोजे. मागून एकजण ओरडला, "ओ, मोजे आपल्या टीमचे हायेत!" हॉल हसला. काकांना हशा म्हणजे प्राणवायू. ते फुलले. घोडा आणला, बर्फातली नदी आणली, इंग्रज सेनापती आणला, सगळं एकट्यानं, आणि मला सांगायला राग येतो, पण चांगलं आणलं. माणसांनी मोबाइल खाली ठेवले. लाकडी दातांवर हसले. मी दात ओठ खात उभी.

मग सहा महिन्यांचा कायदा आला. "सहा महिने भरत आले," काका भुवया उडवत म्हणाले, "की आम्ही आमची माणसं हळूच राज्याबाहेर न्यायचो. आणि परत आणायचो. पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू!"

"व्हिसा रन!" कुणीतरी मधूनच.

हॉल फुटला; व्हिसासाठी देशाबाहेर जाऊन लगेच परत येणं तिथं सगळ्यांना पाठ होतं. काकाही हसले. आणि मला वाटतं त्या हशातच त्यांचा तोल सुटला. ते आता राष्ट्राध्यक्षही नव्हते आणि नीटसे काकाही नव्हते. पुढची वाक्यं अशी होती: 'एका संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो. आणि ती निघून गेली.'

"एका संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो," काका म्हणाले. थांबले. हात दाराकडं केला. "आणि ती... अ‍ॅब्स्कॉन्ड झाली."

मी कागदावरून मान वर केली. त्यांनी मुद्दाम म्हटलं नव्हतं, मी शपथेवर सांगते. इतकी वर्षं रोज जो शब्द टाइप करायचा, फोनवर बोलायचा, सहीला पुढं ढकलायचा, तो तोंडात बसलेला होता. 'निघून गेली' त्यांच्या जिभेला सापडलंच नाही.

मग मागून, सावकाश:

"केस टाकली काय, सायेब?"

हसले सगळे. इथं काका पुढच्या वाक्यावर जाऊ शकत होते. पण हशा आला ना! एकपात्रीवाला हशा सोडत नाही. छाती काढून म्हणाले, "टाकली! वर्तमानपत्रात टाकली!"

"बक्षीस किती लावलं?"

"भरपूर!"

"पासपोर्ट कुनाकडं व्हता तिचा?"

"राष्ट्राध्यक्षांच्या कपाटात!" काका गरजले आणि सोफ्यावरच्या एचआरमधल्या एकाचा चेहरा उतरला.

मग डाव्या बाजूनं एक आवाज आला, अजिबात मोठा नाही. "तिला ताप आला आसंल."

कुणी हसलं नाही. अख्ख्या कॅम्पाला सुतार माहीत होता. काहींनी वळून दाराकडं बघितलं, सुतार खाली बघत होता. काकांनीही बघितलं. पांढऱ्या टोपाखाली त्यांचा चेहरा लाल होत गेला, आणि मग त्या तोंडून जे निघालं ते अमेरिकेचं नव्हतं, सांगलीचंही नव्हतं. "नियम असतो," काका म्हणाले. "न सांगता गेलं की प्रोसेस करावीच लागते. तिनं सांगायला हवं होतं."

"सांगितलं व्हतं."

हे बोलला कोण ते मला दिसलं नाही. सुतार नव्हता.

काकांनी माझ्याकडं बघितलं. मी प्रॉम्प्ट द्यायला हवा होता. पुढचं वाक्य माझ्या हातात होतं. मी दिला नाही. उभं राहू दे म्हटलं, तिथंच उभं राहू दे.

शेवटी पुढून दुसऱ्या रांगेतला एक म्हातारासा गवंडी, कोकणातला, खुर्चीत पुढं सरकून म्हणाला, "मग गावली काय ती?"

त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. काकांनी त्याच्याकडं पाहिलं, कपाळाचा घाम टोपाच्या कडेनं टिपला.

"गावली," ते म्हणाले. "माणूस पाठवला होता. पण आली नाही."

"आलीच नाय?"

"कधीच नाही. म्हातारी होऊन तिकडंच मेली."

शिट्ट्या. टाळ्या. खुर्च्या बडवल्या. राष्ट्राध्यक्षासाठी नव्हत्या त्या. मॅनेजर उठून काकांना मिठी मारत होते. "व्हेरी गुड, हबीबी! बहुत एन्जॉय किया इन लोगों ने। क्या पूछ रहे थे?"

"हिस्ट्री के बारे में, सर," काका म्हणाले.

परतीला मी त्यांच्याच गाडीत. टोप मागच्या सीटवर मेलेल्या मांजरासारखा पडलेला. शारजाचा ट्रॅफिक लागला तेव्हा काकांनी विचारलं.

"ते 'सांगितलं होतं' कोण म्हणालं?"

"का? काय करणार आहात?"

"काही नाही गं. असंच."

"असंच म्हणजे कसं, काका? एकपात्रीच्या पोस्टरवर एकाच माणसाचं नाव असतं. बाकी प्रेक्षक. प्रेक्षकांची नावं विचारत नाहीत."

"तू मला वापरलंस."

"हो. सरळ सांगितलं तेव्हा ऐकलंत का?"

त्यांनी उगाचच हॉर्न मारला. "मी मालक नाहीये गं. मी काय, नुसता कारभारी."

"जाहिरातीखाली नाव कारभाऱ्याचंच होतं," मी म्हटलं.

आमच्या बिल्डिंगखाली त्यांनी मला उतरवलं ते गाडी नीट थांबवायच्या आधीच. रात्री आई म्हणाली, त्यांचा फोन आला होता, तू काही बोललीस का त्यांना? बाबांनी पुन्हा चष्मा पुसला.

पुढच्या आठवड्यात सुताराचा स्वतःचा फोन. आतापर्यंत भावामार्फतच बोलायचा. "ताई, निघाली! केस निघाली! लग्नाला जातोय मी!"

मला इतका आनंद झाला की मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसले. मग सवय आडवी आली. "पत्रात काय लिहिलंय त्यांनी?"

"इंग्लिशमधी हाय. हितल्या एका पोरानं वाचून दाखिवलं. चूक झाली म्हनून लिवलंय."

"कुणाची?"

"आं?"

"चूक कुणाची झाली? फोरमनची? एचआरची? काही नाव?"

"त्ये नाय लिवलंय." तो जरा घाबरला. "ताई, आसू दे ओ आता. तुमी परत काय काढू नका. मला परत येऊन हितंच काम करायचंय."

मी बरं म्हटलं. माझा राग त्याच्या बहिणीच्या लग्नापेक्षा मोठा नव्हता, एवढी अक्कल मला आहे. पण राग गेला नाही. केस लागली, चूक झाली, केस निघाली. तीन क्रियापदं आणि एकही माणूस नाही. लाल पेन असतं तर मी त्या पत्राची चाळण केली असती.

काका मराठी प्रयोग आता मंडळातही करतात. मी गेले नाही, आईनं येऊन सांगितलं. दात आहेत, घोडा आहे, नदी आहे, दासी नाही. अख्खा परिच्छेदच उडाला. मंडळाच्या ग्रुपवर पुढच्या प्रयोगाचं पोस्टर आलं. मधोमध टोपातले काका, छातीवर हात. खाली बारीक अक्षरात लेखन म्हणून माझं नाव.

मी काकांना मेसेज केला: हे मी लिहिलेलं नाटक नाही. माझं नाव काढा.

लगेच उत्तर आलं. "सॉरी, चुकून राहिलं."

"कुणाकडून?" मी विचारलं.

दोन निळ्या खुणा उमटल्या. पोस्टर अजून ग्रुपवर तसंच आहे.